कुलाब्याचं मोंडेगार: दुपारी जा आणि भिंतीकडे तोंड करून बसा

कुलाब्याला फिरायला येणाऱ्यांचं ठरलेलं असतं, गेटवे, ताज, कॉजवेवर थोडी घासाघीस आणि मग लिओपोल्ड. लिओपोल्ड बघावंच, १८७१ पासूनचं आहे, २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा त्यांनी तशाच ठेवल्यात आणि त्या बघताना पोटात कालवतं. पण निवांत बसून खायचं-प्यायचं असेल तर माझं मत कॅफे मोंडेगारला. रीगलच्या चौकातून कॉजवेत शिरलात की लगेच, मेट्रो हाऊसच्या तळमजल्यावर. इराण्यांनी १९३२ साली सुरू केलं, म्हणजे रीगल टॉकीजपेक्षाही वर्षभराने जुनं!

परवा मामाबरोबर गेलो होतो. मामाची सगळी नोकरी फोर्टात बँकेत झाली, पगार झाला की त्याची गँग मोंडीला, म्हणजे या मोंडेगारला, बिअर प्यायला यायची, त्यामुळे मी रस्त्याकडची खुर्ची ओढली तसं त्याने मला खांद्याला धरून उठवलं, म्हणाला, "अरे रस्ता काय रोजचाच आहे, भिंतीकडे तोंड करून बस." हाच सल्ला तुम्हालाही. इथलं खरं वैभव म्हणजे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाची भिंतभर चित्रं, एका भिंतीवर मुंबईचं जगणं आणि दुसरीवर या कॅफेतलीच गर्दी. मारिओ आपल्या गोव्यातल्या लोटलीचा, जुन्या वाचकांना त्याची मिस फोन्सेका, मिस निंबूपाणी आणि ऑफिसातला गोडबोले ही पात्रं आठवत असतील. पेपरात बोटभर बघितलेलं ते जग इथे अख्ख्या भिंतीवर पसरलंय. मारिओ रिकामी जागा सोडतच नाही, त्यामुळे सगळं एकदम बघायला जाऊ नका, एक कोपरा धरा, त्यातली नाकं बघा, डोळे बघा, कोण कोणाकडे चोरून बघतंय ते बघा, आणि मग मान वळवून खरी टेबलं बघा, तीच माणसं बसलेली असतात! मला हे फार आवडतं, अशी भिंत मुंबईत दुसऱ्या कुठल्या बारमध्ये मी तरी बघितलेली नाही.

जागा छोटी आहे, टेबलं खेटून, शेजारच्यांचं बोलणं सगळं ऐकू येतं. ज्यूकबॉक्सवर जुनी इंग्रजी गाणी असतात, दुपारी ती छान वाटतात, रात्री मात्र त्यात गर्दीचा आवाज मिसळला की समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं. म्हणून सांगतो, आईबाबांना किंवा सासूसासऱ्यांना घेऊन जाणार असाल तर वीकडेला दुपारी तीनच्या आसपास जा. शनिवारी संध्याकाळी दारात ताटकळावं लागेल आणि टेबल मिळालं तरी बाहेर उभी असलेली माणसं बघून आपल्यालाच सुखाने बसवत नाही. सकाळी ऑम्लेट-टोस्टचा नाश्ताही मिळतो, तेव्हा तर भिंती आपल्याच.

खाण्यात आम्ही थंडगार बिअर, चिली चिकन आणि नंतर सिझलर घेतलं. खरं सांगायचं तर खूप ग्रेट जेवण म्हणून इथे यायचं नाही, बिअरबरोबर चटपटीत काहीतरी आणि भरपूर गप्पा, त्यासाठी यायचं. दर साऊथ बॉम्बेचे आहेत. बिलात खाण्यावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट वेगवेगळा लागतो, मेनूतल्या आकड्यावर ते धरूनच बजेट ठरवा.

कॉलेजच्या पोरांसाठी, महाराष्ट्रात बिअरला २१ आणि हार्ड ड्रिंकला २५ वर्षं पूर्ण लागतात, आयडी जवळ ठेवा. ड्राय डे आहे का तेही आधी बघा, निवडणुकीच्या दिवसांत तर नक्कीच.

गाडी अजिबात आणू नका, पार्किंग शोधण्यात भूक मरते, आणि पिणार असाल तर प्रश्नच नाही. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून टॅक्सी सोपी, मेट्रो ३ ने येणार असाल तर विधान भवन स्टेशनला उतरा, तिथून चालत येता येतं. मारिओ बघायचाच आहे तर त्याच फेरीत काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरीही करून टाका, फुकट आहे, पण ती संध्याकाळी सातला बंद होते, त्यामुळे आधी जहांगीर, मग मोंडी.