फायबर लॉग 4 : उगाच दिव्याला बोल लावला

अतिनील प्रकाश देणाऱ्या ड्युटेरियम दिव्याचा प्रकाश मी सिलिका काचेच्या फायबरमधून स्पेक्ट्रोमीटरपर्यंत (प्रकाशाची तरंगलांबीनुसार तीव्रता मोजणारं उपकरण) नेतोय, आणि 214 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश घटत जातो. मागच्या लॉगमध्ये त्यावर ‘ड्युटेरियम दिवा म्हातारा झालाय’ असं ठोकून दिलं होतं. ते मागे घेतो.

या वेळी दिवा अर्धा तास तापू दिला आणि 214 नॅनोमीटरसोबत 656.1 ची रेघही टिपत गेलो. ही ड्युटेरियमचीच लाल रेघ, स्पेक्ट्रममध्ये सुळक्यासारखी उभी असते. तीन तासांत ती जवळजवळ जागची हलली नाही. 214 मात्र निम्म्याच्या खाली. पण एवढ्यावर दिवा सुटत नाही, कारण त्याची खिडकीही अतिनील किरणांनी खराब होते आणि तिथेही मार आधी 214 सारख्या कमी तरंगलांबीच्या टोकाला बसतो. म्हणून फायबरच्या त्याच रिळातला मीटरभर कोरा तुकडा कापून जोडला. 214 थेट सकाळच्या पातळीला! म्हातारं झालं होतं ते फायबर.

अतिनील किरणांनी सिलिकातले ताणलेले बंध तुटतात. मग एखाद्या सिलिकॉनपाशी एकटा इलेक्ट्रॉन लोंबकळत राहतो. हेच ई-प्राइम केंद्र, आणि त्याचं शोषण नेमकं 215 च्या आसपास. म्हणजे मी मोजत होतो तिथेच खड्डा, आणि तो खणणाराही मीच.

गॅमा किरणांनीही असेच दोष तयार होतात. फॉस्फरस मिसळलेलं फायबर तर इतकं काळवंडतं, की सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत तेच किरणोत्साराचा डोस मोजायला वापरतात. आणि 1978 मध्ये कॅनडातले संशोधक केन हिल यांना जर्मेनियम मिसळलेल्या फायबरमध्ये आर्गन लेझर सोडल्यावर परत येणारा प्रकाश हळूहळू वाढताना दिसला, त्यातून पुढे ब्रॅग ग्रेटिंगचे (फायबरमध्ये कोरलेल्या, ठराविक रंगच परतवणाऱ्या पट्ट्यांचे) सेन्सर आले. प्रकाशाने काच बदलते हे तिथे वरदान ठरलं. माझ्या टेबलावर अजून तरी डोकेदुखीच आहे.

रात्रभर दिवा बंद ठेवला. सकाळी जुन्या फायबरमधून 214 बरंच सावरलेलं दिसलं, मी खूश. दिवा लावल्यावर दहा मिनिटांत पुन्हा कालच्याच पातळीवर. वरवर भरलेली जखम, दुसरं काय.

एक चूक मात्र कबूल करतो. पहिल्या दिवशीचे आकडे जरा बरे दिसत होते ते भटक्या प्रकाशामुळे, म्हणजे स्पेक्ट्रोमीटरच्या आत इकडेतिकडे उसळून चुकीच्या जागी पडणाऱ्या इतर रंगांच्या प्रकाशामुळे. वाटेत सूक्ष्मदर्शकाची साधी काचपट्टी धरली. तिच्यातून 214 पार होणं शक्यच नाही, तरी स्पेक्ट्रोमीटर तिथे थोडा सिग्नल दाखवतच होता. तेवढा वजा केल्यावर घट आणखी खोल निघाली. छोटा स्पेक्ट्रोमीटर असेल तर ही पट्टी आधी धरून बघाच. आणि अतिनील चष्मा घालून, खोलीची खिडकी उघडी ठेवून. या दिव्याने ओझोनही तयार होतो.

आता दिव्यापुढे शटर बसवलंय, रीडिंगपुरतंच उघडतो. सोलरायझेशनला (अतिनीलने असं काळवंडण्याला) दाद न देणाऱ्या फायबरचा एक तुकडा मिळवलाय. पुढच्या वेळी दोन्ही शेजारी शेजारी जाळून बघतो.