वाटीवरची नजर

आज दुपारी वाटी अर्धी राहिली आणि मी ती उचलून ठेवली. वर्षभरापूर्वी हे मला जमलंच नसतं. तेव्हा माझा सगळा जीव त्या वाटीत अडकलेला असायचा. लेकीचं वजन वाढलं नाही असं कळलं की मी आणखी दोन घास कोंबायचे, तास-तासभर भरवत बसायचे. ती मान फिरवायची, ओठ घट्ट मिटायची. मी चमचा ओठांशी धरून वाट बघायचे आणि रडण्यासाठी तिने तोंड उघडलं की घास आत. लिहिताना हात जड होतोय, पण हे मीच केलंय.

लेक चार वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने स्नायूंवर नीट ताबा नसणं. मान अजून पूर्ण सावरत नाही. जन्मली तीही वेळेच्या बरीच आधी. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बाळाला गर्भाच्या साधारण 34 व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो, ती त्याआधीच बाहेर आली होती. सुरुवातीचे दिवस नाकातल्या नळीवर गेले. नळी निघाली तेव्हा वाटलं, सुटलो.

मग वर्षात तीनदा न्यूमोनिया झाला. तिला ठसका फारसा लागत नसे, त्यामुळे छातीच्या दुखण्याचा जेवणाशी संबंध असेल हे मनातही आलं नाही. जेवल्यावर आवाज घोगरा, ओला यायचा, गुळण्या केल्यासारखा. त्याला मी सर्दी समजत राहिले.

गिळण्याची तपासणी झाली तो दिवस विसरत नाही. एक्स-रेत उठून दिसणारं बॅरियम मिसळलेला घोट पाजायचा आणि एक्स-रेचं चालतं चित्र पडद्यावर बघायचं. काळी रेघ जिभेवरून मागे सरकली, क्षणभर घशात थांबली, आणि तिचा एक बारीक धागा पुढच्या बाजूने श्वासनळीत उतरला. लेक शांत. खोकली नाही, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. ठसका लागत नाही म्हणजे नीट गिळतेय, असं मी इतके महिने धरून चालले होते.

थेरपिस्ट ताईंनी नंतर समजावलं. घास घशात आला की सेकंदभरात श्वासनळीचं दार मिटावं लागतं. हिचं मिटायला उशीर होतो. पाणी पातळ, ते दार मिटायच्या आधीच पोहोचतं. थोडा घट्ट घोट सावकाश येतो, तेवढ्यात घशाला तयारी करता येते. ऐकताना आश्चर्य वाटलं होतं, मला वाटायचं पाणी सगळ्यात सोपं. पण घट्ट करायची पावडर मनाने सुरू करायची नाही हेही त्यांनी बजावलं, वेळेआधी जन्मलेल्या तान्ह्या बाळांना तर मुळीच नाही.

घोट किती घट्ट झालाय, ते मोजता येतं. 10 मिलीची सिरिंज, दट्ट्या काढलेली, खाली बोट लावून 10 पर्यंत भरायची. बोट काढायचं आणि 10 सेकंद वाहू द्यायचं. आत 4 ते 8 मिली उरलं तर आमचं जमलं. सिरिंजसुद्धा कुठलीही चालत नाही, शून्यापासून 10 पर्यंतच्या खुणांची लांबी 61.5 मिलिमीटर लागते. रोज सकाळी मी हे करते आणि खरं सांगते, त्या 10 सेकंदांत मला धीर येतो. अंदाजावर मूल सोपवायचं नसतं.

बाकी सगळं बसण्यात आहे. पाठ टेकलेली, मांड्या, गुडघे, घोटे काटकोनात. पाय लोंबकळत होते तेव्हा तिचा जबडा सतत हलायचा. पायांखाली जुन्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवला आणि तोच जबडा शांत झाला. मी समोर, बुटक्या स्टुलावर, तिच्या डोळ्यांच्या रेषेत. उभं राहून भरवलं की ती वर बघते आणि मान मागे जाते, गिळायला तेच सगळ्यात वाईट. चमचा खालून, समोरून. जिभेवर हलका दाब, मग थांबायचं. तिचा वरचा ओठ खाली येऊन घास स्वतः ओढून घेईपर्यंत थांबायचं. मग गळ्याकडे बघायचं. घाटी वर जाते, खाली येते. कधी एका घासाला दोनदा. ती खाली आल्याशिवाय दुसरा चमचा भरायचाच नाही.

अर्ध्या तासाच्या वर जेवण लांबवत नाही. ती दमते आणि दमल्यावरचे घास धोक्याचे. आज अठराव्या मिनिटाला तिने तोंड वळवलं, मी थांबले.

वजन असंच रेंगाळलं तर पोटात नळी बसवायचा विचार करू, असं डॉक्टर म्हणालेत. आधी त्या शब्दानेच मला रडू यायचं. आता नाही. नळी असली तरी, सुरक्षित असेल तेवढे दोन-चार घास चवीसाठी तोंडाने देता येतात. पोट भरायचं ओझं तरी तिच्या घशावरून उतरेल.

संध्याकाळी सासूबाईंनी पहिल्यांदा भरवलं. आधी त्या भ्यायच्या. मी दारात उभी होते, मुद्दाम काही बोलले नाही. त्यांनी चमचा खालून नेला, घास दिला आणि हात मांडीवर ठेवून तिच्या गळ्याकडे टक लावून बसल्या. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघताच हळूच म्हणाल्या, "गेला गं खाली."