टाक्या बनवण्यापासून पाणी राखण्यापर्यंत: आमची वाटचाल

आमच्या धंद्याची सुरुवात फिशटँक बनवण्यापासून झाली. काच कापून घ्यायची, सिलिकॉनने जोडायची, सुकल्यावर पाणी भरून गळती बघायची. पुढे गिऱ्हाइकांच्या आग्रहामुळे देखभालीची कामं घेऊ लागलो आणि आता पुण्यात आमचा मुख्य व्यवसाय तोच आहे. सगळ्यात जास्त तक्रार एकच येते: पाणी काचेसारखं स्वच्छ, फिल्टर चालू, तरी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, साडेसहाच्या खाली. बाजारात यावर पीएच वाढवायच्या बाटल्या मिळतात. आम्ही त्या ठेवत नाही. पीएच घसरण्याची मुख्य कारणं दोन, आणि दोन्हींचे उपाय निराळे.

एक तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून ते आम्लधर्मी झालेलं असतं, किंवा आम्ल शोषून पीएच सावरणारं पाण्यातलं बायकार्बोनेट, म्हणजे केएच, संपत आलेलं असतं. ओळखायला ग्लासभर टाकीचं पाणी घ्या, पीएच मोजा, त्यात एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा सच्छिद्र दगड) टाकून रात्रभर हवा द्या आणि सकाळी पुन्हा मोजा. 6.4 चा 7.2 झाला तर टाकीत वायूची अदलाबदल नीट होत नाही. जागचा हललाच नाही तर केएच गेला. सोबत केएचचं थेंबांचं किट वापरतो. 5 मिली पाण्यात निळा रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब म्हणजे केएचचा एक अंश. पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, असेल तर 10 मिली घ्यावं, मग थेंबाला अर्धा अंश पडतो. पहिल्याच थेंबाला पिवळं झालं तर हातात काही उरलेलं नाही.

खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ. त्यात फिल्टरमधले जिवाणू माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून येणाऱ्या अमोनियाचं नायट्रेट करताना केएच खातात: 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 मिलिग्रॅम क्षारता. खाणं जास्त पडत असेल आणि पाणी न बदलता नुसती भर घातली जात असेल, तर केएच संपणारच. पीएच सहाच्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळा कमी विषारी अमोनियम रूपात असल्यामुळे मासे तग धरतात. अशा वेळी कोणी घाईने अर्धी टाकी बोअरच्या पाण्याने भरली तर घात होतो. त्या पाण्याने पीएच चढतो, आणि तो एक अंकाने चढला की विषारी अमोनिया साधारण दहापट होतो. म्हणून आधी अमोनिया तपासायचा. तो असेल तर आठवडाभर रोज फक्त दहा टक्के पाणी बदलायचं, आणि सोडा त्यानंतर.

सोडा म्हणजे खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर किंवा धुण्याचा सोडा अजिबात नको. 100 लिटरला 3 ग्रॅम सोड्याने केएच एक अंश वाढतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत प्रत्यक्ष पाणी साधारण 50 लिटर भरतं, म्हणजे एकावरून तीनवर न्यायला 3 ग्रॅम. ग्लासभर पाण्यात विरघळवून, निम्मा आज निम्मा उद्या, फिल्टरच्या धारेत हळूहळू सोडायचा. पुढे केएच टिकावा म्हणून फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा धुतलेला चुरा ठेवतो, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तोच. प्रवाळाचे तुकडे मागू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. निऑन टेट्रा किंवा डिस्कस असतील तर केएच दोन-तीनच्या वर नेण्याची गरज नसते. गप्पी-मोलीला मात्र जड पाणीच मानवतं.

कारण वायूचं निघालं तर सोड्याला हात लावायचा नाही. आधी झाकण बघतो. आम्ही स्वतः टाक्या बनवतो, त्यामुळे घट्ट काचेचं झाकण देणंच बंद केलं. मागच्या कडेला दोन बोटं फट आणि त्यावर जाळी देतो. मग पृष्ठभागावरचा तेलकट तवंग. तो वायूंची ये-जा अडवतो. फिल्टरचं तोंड वर वळवून पाणी सतत थरथरत ठेवलं की तो मोडतो. बुडबुड्यांचं खरं कामही पाणी वर आणून हलवण्याचं असतं, म्हणून एक मोठा एअर स्टोन तळाशी पुरे. 30 अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त 7.5 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत एअर पंप रात्रीही बंद करू नये. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात शिरतं.

एवढं करूनही सकाळचा पीएच खाली येतो अशी टाकी बहुतेक एसी बेडरूममध्ये सापडते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे 420 भाग असतो. बंद खोलीत दोन माणसं झोपली की तो सकाळपर्यंत कितीतरी पट होतो, आणि पंप तीच हवा पाण्यात ढकलतो. हवेतलं प्रमाण चौपट झालं तर तिच्याशी समतोल साधलेल्या पाण्याचा पीएच 0.6 ने उतरतो. तिथे पंप बाल्कनीत आडोशाला ठेवून नळी खिडकीच्या फटीतून आत घेतो. पेस्ट कंट्रोलच्या दिवशीही घरातली हवा टाकीत जायला नको, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवतो.