कर्ली नदीत दोन दिवस आणि तीस हजारांतली कयाक

आमच्या सांगलीकडे कृष्णेला पाणी भरपूर असले, तरी भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरींचा वावर असल्यामुळे कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीत, पाण्यापासून वीतभर उंचीवर बसून गळ टाकण्याची कल्पना घरात कोणालाच मान्य नव्हती. म्हणून मार्गशीर्षातल्या चतुर्दशीला आणि पौर्णिमेला आम्ही दोघे मित्र फोंडा घाटाने कुडाळला उतरलो आणि कर्ली नदीवर नेरूरपारच्या पुलाजवळ मुक्काम टाकला. (मगरींच्या बाबतीत येथेही निर्धास्त राहू नये, कर्लीला मिळणाऱ्या भंगसाळीत त्या दिसतात, तेव्हा पाण्यात उतरण्यापूर्वी काठावरच्या माणसांना विचारून घ्यावे.) माझ्याकडे जलक्रीडा व्यवसायात वापरून काढलेली, दहा फुटांची, वर बसण्याची टणक प्लास्टिकची कयाक होती, ती मी २२ हजारांना घेतली होती. मित्राकडे हवा भरण्याची नवी कोरी कयाक होती आणि तिची किंमत माझ्या कयाकच्या निम्म्याहून कमी होती. दोघांचेही अंदाजपत्रक सर्व सामानासह तीस हजारांचे होते.

खाडीच्या पाण्यात कोणतीही स्वस्त कयाक चालवायची, तर आधी पंचांग पाहावे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ठोकळ वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब; चौदाव्या तिथीला तो साडेदहा सांगतो. मात्र ती वेळ किनाऱ्याची असते. नेरूरपारला पाणी स्थिरावायला अकरा वाजून गेले होते. सकाळी सात वाजता आम्ही चढत्या पाण्याबरोबर निघालो आणि वल्हे जेमतेम बुडवत वरच्या अंगाला सरकत राहिलो. या टप्प्यात दोन्ही कयाकींमध्ये काहीच फरक जाणवला नाही. उलट मित्राची हलकी असल्यामुळे पुढेच होती. एका होडीतल्या वृद्ध मासेमाराने आमच्याकडे बराच वेळ पाहून विचारले, “ह्या पाटार बसान तुमी गरवतल्यात?” (या पाटावर बसून तुम्ही गळाने मासे धरणार?) त्यांच्या स्वरात थट्टेपेक्षा काळजी अधिक होती.

काळजीचे कारण परतीच्या वेळी कळले. दुपारी एकच्या सुमारास ओहोटी जोरात होती आणि समुद्राकडून खारे वारे सुटले होते. उतरते पाणी पश्चिमेकडे आणि वारा पूर्वेकडे, अशी गाठ पडली की नदीतही आखूड, उभ्या लाटा उठतात. त्यातच उधाणाचा दिवस असल्याने प्रवाह नेहमीपेक्षा तीव्र होता. हवेच्या कयाकीचे काठ फुगीर आणि पाण्यावर उंच असतात व तळ पाण्यात फारसा बुडत नाही, त्यामुळे तिला वारा शिडासारखा धरतो. मित्र वल्हे मारत होता आणि नाक दर चार हातांमागे काठाकडे वळत होते. शेवटी ती कांदळवनाच्या मुळांवर गेली, तेथील कालवांच्या (शिंपल्यांच्या) धारेने तळाच्या कप्प्याला बोटभर चीर पडली आणि उरलेले अंतर त्याने दोन फुगीर कुशींच्या आधारावर, कमरेपर्यंत भिजून पार केले. कप्पे वेगवेगळे असल्यामुळे ती बुडाली नाही, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. संथ तलावासाठी, किंवा जिना चढून तिसऱ्या मजल्यावर कयाक नेणाऱ्यासाठी ती अजूनही योग्य आहे. परंतु कालवे, खडक आणि शेंगटीसारखे काटेरी मासे जेथे आहेत, तेथे तिच्यावर भरवसा ठेवू नये.

माझ्या कयाकीला त्याच मुळांवर ओरखडे पडले, एवढेच. मात्र तिचे वजन सुमारे २८ किलो असून चिखलातून ती एकट्याने ओढताना दुपारचे जेवण जिरते. म्हणून घेण्यापूर्वी रिकामी कयाक गाडीच्या टपावर एकट्याने चढवून पाहावी. जी चढवता येत नाही, ती चार फेऱ्यांनंतर अंगणातच पडून राहते. टपावर बांधताना पट्टे फार करकचून आवळू नयेत, कारण उन्हात तापलेले प्लास्टिक दबते आणि तळाला खळगा पडतो. पुढचे व मागचे टोक दोरीने स्वतंत्र बांधावे.

नदीसाठी नऊ ते साडेदहा फूट लांबी मला पुरेशी वाटते. याहून लांब कयाक सरळ आणि वेगाने जाते, पण कांदळवनातल्या अरुंद फाट्यांत वळत नाही. रुंदी ३० ते ३४ इंच असावी. मासा ओढताना आपण एका बाजूला झुकतो, त्या क्षणी ही रुंदीच उपयोगी पडते. वर बसण्याच्या प्रकारात आत आलेले पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जाते आणि उलटली तरी पुन्हा चढता येते, म्हणून नवख्याने हाच प्रकार घ्यावा. भार वाहण्याची जी क्षमता लिहिलेली असते, तिच्या दोन-तृतीयांशच खरी धरावी. माझे वजन ७८ किलो आणि सामान १२ किलो, म्हणजे १३५ किलोंपेक्षा कमी क्षमतेची कयाक मला चालणार नाही. पायाने चालवण्याच्या, पेडल असलेल्या कयाकींचा मोह होतो. परंतु त्या या किमतीत बसत नाहीत, आणि बसल्या तरी ओहोटीच्या वेळी वाळूच्या पट्ट्यावर त्यांचे खाली लोंबणारे यंत्र प्रथम आपटते.

जुनी कयाक पाहताना रंगाकडे दुर्लक्ष करून ती उलटी करावी. तळाचे मागचे टोक ओढून ओढून झिजलेले असते. तेथे अंगठ्याने दाबून पाहावे. पाणी निचरण्याच्या भोकांच्या कडांना बारीक तडे असतील, तर सौदा सोडावा, कारण या प्लास्टिकवर एम-सीलसारखे इपॉक्सी टिकत नाही, त्याला उष्णतेने सांधावेच लागते. शक्य असल्यास अर्धा तास पाण्यात बसून, मग उचलून हलवावी. आत पाणी खळखळले तर ती घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही वालावलच्या काठाने, काल जे चुकले ते टाळून, माझी एकच कयाक आळीपाळीने वापरली आणि वारा सुटण्यापूर्वी परतलो. प्रवाहात नांगर बाजूने बांधला की दोर ताणला जाताच कयाक कलंडते, हे ऐकून होतो. म्हणून मी लोखंडी नांगर नेलाच नाही. स्थानिक होड्या बांबू रोवून उभ्या राहतात, तसा उथळ पाण्यात एक बांबू रोवून मागच्या टोकाला सुटणारी गाठ मारली आणि सुरी हाताशी ठेवली. खर्च शून्य. गळाच्या काठ्यांसाठी भाजीच्या प्लास्टिक क्रेटला पाण्याच्या पाइपाचे दोन तुकडे बांधले होते, त्यांनीही काम चोख केले. दोन काळुंदर आणि एक लहान तांबोशी मिळाली. तांबोशी परत सोडली. चोणक दिसला, लागला नाही.

जेथे पैसा वाचवू नये, अशा गोष्टी दोनच. पहिली जीवरक्षक जाकीट: किमान ५० न्यूटन तरण्याची शक्ती असलेले, अंगावर घट्ट बसणारे आणि पूर्ण वेळ घातलेले, आसनाखाली ठेवलेले नव्हे. दुसरी वल्हे. जुन्या कयाकीबरोबर मिळालेले ॲल्युमिनियमचे वल्हे माझ्या ३२ इंची रुंदीला आखूड पडले. दर फेकीला बोटे काठावर घासत होती आणि दुसऱ्या दिवशी खांदे उचलवत नव्हते. एवढ्या रुंदीला २४० सेंटिमीटरचे वल्हे हवे. मासे दाखवणाऱ्या यंत्राचा विचार होता, तो सोडून उरलेल्या रकमेत हलके वल्हे मागवले आहे. मित्राने चीर शिवायला दिलेली नाही. तो सध्या जुन्या टणक कयाकी उलट्या करून त्यांचे तळ तपासत हिंडत आहे.