दूषित भूजलाच्या सर्व्हेला जाताय? आधी सातबारा स्वतः काढा

"परवानगीचं सगळं झालंय, तुम्ही फक्त बोअरची गाडी घेऊन या." फोनवर मध्यस्थाने हे सांगितलं, आम्ही विश्वास ठेवला आणि तिसऱ्या बोअरपाशी दोन दिवस अडकलो. सोलापूर हायवेला लागून एक औद्योगिक वसाहत आहे, तिच्या खालच्या अंगाला भीमेकडं उतरणाऱ्या शिवारात काम होतं, गावाचं नाव लिहीत नाही. विहिरींच्या पाण्याला वास मारतो अशी तक्रार, ते कुठून येतंय आणि कुठं चाललंय ते बघायला तीन निरीक्षण बोअर घ्यायचे होते. वाचणाऱ्यांना काम येतंय असं धरतो, त्यामुळे बूट, टोपी, मीटर कॅलिब्रेशन यावर वेळ घालवत नाही.

पहिले दोन दिवस विहिरींची नोंद, २३ झाल्या, लोक चांगले, जेवण चांगलं. पहिले दोन बोअरही विनासायास झाले.

आता तिसरा. तिथले शेतकरी आबा, त्यांनी बांधावर उभं राहून हात केला, "इथून तिथवर आपलंच रान." गाडी लागली, मास्ट उभा राहिला आणि तेवढ्यात मोटरसायकलवर त्यांचा पुतण्या आला, म्हणाला बंद करा. १५ रुपये भरून तिथंच मोबाईलवर डिजिटल सातबारा काढला तर गटावर ९ नावं, सामायिक खातं, त्यात लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणी. सही एकट्या आबांची. मध्यस्थ म्हणे गावात तोंडी चालतं. नाही चालत! प्रत्येक खातेदाराची लेखी संमती घ्या आणि त्यात बोअर किती खोल, किती वर्षं ठेवणार, शेवटी कोण बुजवणार हे तिन्ही लिहा.

एका ऑफिसात सुचवलं की बोअर सरळ पंचायतीच्या जागेत सरकवा, कटकट मिटेल. ती जागा वरच्या अंगाला, तिथं बोअर घेऊन दूषित पाणी कुठवर पोचलं ते कळणारच नाही. माझं स्पष्ट मत आहे, परवानगीसाठी पॉइंट हलवायचा असेल तर तो बोअर घेऊच नका, पैसे वाचतील. आणि रस्त्याच्या कडेला दिसणारी मोकळी पट्टी मोकळी नसते, ती बऱ्याचदा बांधकाम खात्याची असते आणि तिच्याखाली केबल नाहीतर पाण्याची लाईन असू शकते. मशीन लावण्याआधी दीड मीटर हाताने खणून बघा.

दुसऱ्या दिवशी त्या दोन बहिणींपैकी धाकट्या भोसरीहून एसटीने आल्या. कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "पाणी वाईट निघालं तर जमिनीची किंमत पडंल का?" मी म्हणालो, ताई, पडू शकते. पण पाणी वाईट असेल तर ते आत्ताही वाईटच आहे आणि तुमची म्हैस तेच पितेय. बराच वेळ गप्प बसल्या. मग एक अट घातली, लॅबचा रिपोर्ट मराठीत करून पहिला त्यांच्या हातात द्यायचा. अट कागदावर लिहिली, त्यांनी सही केली, त्यांची बघून पुतण्यानेही केली, बाकीच्यांच्या संध्याकाळपर्यंत झाल्या. हा प्रश्न तुम्हालाही विचारतील, खोटं सांगू नका.

बोअरची गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची, पोरं कामाला वाघ, पण बिल भलत्यानेच केलं. फुटाला ९५ ठरले होते, वर दोन दिवसांचं थांबण्याचं २४,००० लागलं, ते आमच्या चुकीचं, दिलं. पण बिलात केसिंग (बोअरमध्ये बसवायचा पाईप) ६० फुटांचं लावलं होतं आणि जमिनीत गेले २० फुटी दोनच पाईप, माझ्याकडे फोटो होते म्हणून तेवढं कापलं. पाईपवर खडूने नंबर घाला. गाडीची नोंदणी बघून घ्या, २००९ च्या भूजल कायद्यात ती लागते, आणि ६० मीटरच्या वर गेलात की खोल विहिरीचा विषय सुरू होतो, आम्ही ३६ वर थांबलो. खडक फोडणाऱ्या हॅमरमध्ये तेल जातं, ते पाण्यात उतरलं तर तेलाचा रिपोर्ट वाया, आधीच बोलून ठेवा.

नमुन्याआधी उपसायचं पाणी कुठं टाकणार, हे आम्हाला कोणीच विचारलं नव्हतं. चार इंची पाईपमध्ये मीटरला साधारण ८ लिटर बसतं, आमचा पाण्याचा स्तंभ १८ मीटर, तिप्पट उपसा म्हणजे साडेचारशेच्या आसपास. उसात सोडायचं नाही, २०० लिटरचे तीन ड्रम न्या. व्हायलमध्ये, म्हणजे उडून जाणाऱ्या रसायनांच्या नमुन्याच्या छोट्या काचेच्या बाटलीत, बुडबुडा राहता कामा नये, उलटी करून बोटाने टिचकी मारा, दिसला तर फेका आणि नवी भरा. मी चार फेकल्या. पाचवी भरून बर्फात ठेवली तेव्हा साडेसात वाजले होते, हात थरथरत होते, पण एवढं समाधान कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

लेव्हलिंगला, म्हणजे बोअरच्या तोंडाची नेमकी उंची मोजायला, कंजुषी नको. हातातल्या जीपीएसची उंची पाच-दहा मीटर सहज चुकते आणि आमच्या तीन बोअरमधल्या पाणीपातळीचा फरक होता ८० सेंटीमीटर! ऑटो लेव्हलने केसिंगच्या तोंडाची उंची मोजून घेतली म्हणून पाणी वाहण्याची दिशा कळली. ओढा पूर्वेला वाहतो, म्हणून गाव म्हणायचं पाणीही तिकडंच जातं. बेसाल्टमध्ये पाणी भेगांनी आणि लाल बोलाच्या (दोन बेसाल्टमधल्या लाल मातकट) थरावरून सरकतं, आमचा प्रवाहाचा बाण निघाला ईशान्येला. तिकडं एक वस्ती आहे, चार विहिरी, तिथून अजून एकही तक्रार नाही. पुढच्या आठवड्यात आधी तिथले नमुने घेणार, मराठी रिपोर्टची पहिली प्रत भोसरीला गेली आहे आणि वस्तीवरच्या चारही गटांचे सातबारे या वेळी मी स्वतः काढलेत.