भाड्याचा फ्लॅट करायला घेतला की पहिला पैसा बाथरूममध्ये

भाड्याने द्यायला जुना फ्लॅट घेतला म्हटलं की लोक विचारतात, मॉड्युलर किचन करणार का, फॉल्स सीलिंग करणार का. मी म्हणते, आधी बाथरूम फोडणार, मग बाकीचं बघू. पुण्यात कर्वेनगर, सिंहगड रोड या पट्ट्यात 1990 च्या आसपासच्या ज्या बिल्डिंगी आहेत ना, तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या, त्यातले फ्लॅट मी भाड्याने देते आणि त्यांचं दुखणं जवळपास नेहमी एकच असतं, पाणी. ओल आली की रंगाचे पोपडे निघतात, प्लास्टर फुगतं, खालच्यांच्या सीलिंगला डाग पडतो, सोसायटीचं पत्र येतं आणि तोवर चांगला भाडेकरू दुसरं घर बघायला लागलेला असतो.

फोडल्याशिवाय खरं काय ते कळत नाही. फरशी निघते, खालचा माल निघतो, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, तो हाताला ओला लागतो, वरून बाथरूम कितीही कोरडं दिसू दे. भिंतीतले जुने जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाईप कापले की आतून गंजाने भरलेले, पाण्याला जेमतेम करंगळीएवढी वाट उरलेली, आणि लोक प्रेशर नाही म्हणून पंप बसवत बसतात. ते सगळे काढून मी सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही सोसणारे प्लास्टिकचे पाईप टाकून घेते. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं, ते तर बदलायचंच, कारण गळती बहुतेक वेळा ट्रॅप आणि पाईपच्या जोडातून नाहीतर कोपऱ्यातून होते. कोपरे सिमेंटने गोल करून घ्यायचे, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, आणि भिंतीवर निदान फूटभर, शॉवरच्या बाजूला त्याहून बरंच वर.

मग पाणी भरून ठेवायचं, 48 तास. इथे गवंड्याशी हमखास वाद होतो, "ताई, रात्रभर ठेवलं तरी बास, आजवर एवढी बाथरूमं केली, एक गळलेलं नाही." त्याचंही खरं असतं, बसून राहिला तर हजेरी बुडते, म्हणून त्या दोन दिवसांत खिडक्यांच्या बाहेरच्या भेगा आणि छज्जे त्याच्याकडूनच करून घ्यायचे. पाणी जिथवर आहे तिथे भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची, ट्रॅपचं तोंड पक्कं बंद करायचं, आणि खाली जाऊन काकूंना सांगायचं की जरा सीलिंगकडे लक्ष ठेवा. "काही नाही गं, कोरडंठाक आहे" असं त्या म्हणाल्या की मगच फरशी बसते.

दुसरा खर्च वायरिंगचा. जुन्या किचनमध्ये एखादाच पॉइंट असतो आणि आता मिक्सर, फ्रिज, मायक्रोवेव्ह सगळं त्याच्यावर, अर्थिंगचा तर बऱ्याचदा पत्ताच नसतो. गिझरला स्वतंत्र 4 स्क्वेअर एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आणि घराला 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, करंट गळून शॉक बसायची वेळ आली की ती लगेच वीज तोडते. कुणाचं तरी लेकरू ओल्या हाताने गिझरचं बटण दाबणार असतं, तिथे मी घासाघीस करत नाही.

किचन ट्रॉल्या साध्याच करते, फक्त सिंकखाली एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड नको, फुगतो, तिथे पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूपी प्लायच. रंग सगळ्यात शेवटी.

आता पैशाचं. भाड्याच्या उत्पन्नातून प्रॉपर्टी टॅक्स वजा केला की उरलेल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, तुम्ही दुरुस्तीला एक रुपया घातलात काय आणि लाख घातलेत काय. म्हणजे 18,000 भाडं असेल तर वर्षाचे 2,16,000, आणि प्रॉपर्टी टॅक्स जाऊन त्यातले साठ-बासष्ट हजारांच्या आसपास करातून सुटतात. बरेच मालक ते नफ्यातच धरतात. मला ते पटत नाही, ती सूट घराच्या डागडुजीसाठीच आहे असं मी मानते आणि दरवर्षी प्रत्येक फ्लॅटचं एका महिन्याचं भाडं वेगळ्या खात्यात टाकते. मे महिन्यात टेरेसचे पाईप, बाल्कनीचा उतार, खिडक्यांचं सिलिकॉन बघून घ्यायला तेच पैसे लागतात, आणि टँकरच्या नाहीतर बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या गिझरचा ॲनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी आतली कांडी, बदलायलाही.

भाडेकरूला मी प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर किल्लीबरोबरच देते. हजाराच्या आतलं काम असेल तर मला विचारूही नका, करून घ्या आणि भाड्यातून वळते करा, फक्त पावतीचा फोटो पाठवा. ओळखीचे मालक म्हणतात की लोक याचा फायदा घेतील, माझा अनुभव उलटा आहे, ठिबकणारा नळ लगेच दुरुस्त होतो आणि भिंत वाचते.

ॲग्रीमेंट अर्थातच रजिस्टर करून, महाराष्ट्रात ती जबाबदारी मालकाचीच आहे, आणि सोबत प्रत्येक खोलीचे तारखेसकट फोटो, दोघांकडे एकेक सेट. सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायची पद्धत मी पाळत नाही. भिंत फोडली, बेसिन तडकवलं तर जरूर कापावेत, पण दोन-तीन वर्षं माणसं राहिली की रंग मळणारच, आणि तेवढ्या काळाचं भाडं त्यांनी दिलेलं असतं.