‘माहीत नाही’ असं लिहा

“घरात कुणाला काचबिंदू?” डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करताच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, “आजीला होता. पण तो माझ्या खात्यात धरू नका, मी दत्तक आहे. तिथं ‘माहीत नाही’ असं लिहा.”

डॉक्टरच ओशाळले. ही मात्र मजेत. रामबागेत घरी पोचेपर्यंत पोहे की कचोरी, एवढाच विषय.

प्रश्न रास्तच होता. आईवडील, भावंडं यांच्यात काचबिंदू असेल, तर धोका वाढतो. पण आजीच्या डोळ्यांत रोज रात्री ड्रॉप घालायची ती हीच. तिनंच आज आजीला हिशेबातून वगळलं, तेही इतक्या सहज! मला ते लागलं, उगाच लागलं म्हणा.

शेजारच्या काकू आजही म्हणतात, “नाक अगदी तुझ्यावर गेलंय हो!” आम्ही दोघी हसून घेतो.

अठरा पूर्ण झाल्यामुळे तिला आता स्वतःच्या मुळांच्या शोधासाठी अर्ज करता येतो. 2022 च्या दत्तक नियमावलीत तशी सोय आहे. अर्थात जन्मदात्यांची गोपनीयताही जपली जाते, त्यामुळे हाती काय लागेल कोण जाणे. हे म्हणतात, “कशाला उकरायचं?” मला वाटतं, ते तिनं ठरवावं.

जेवताना विचारलं, तर म्हणाली, “परीक्षा होऊ दे गं आधी.”

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा अर्ज झालाय का? तेव्हा तुम्ही सोबत गेलात, की तिला एकटीला जाऊ दिलंत?